दैव, प्रमाद आणि शेजारधर्म

रासायनिक कारखान्यात गळती वा स्फोट होऊन माणसे दगावली, की त्यानंतर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘त्यांची वेळ भरली होती’ हे एक, आणि ‘कामगाराच्या हातून चूक झाली’ हे दुसरे. पहिले वाक्य सगळा भार दैवावर टाकते, दुसरे एका माणसावर. दोन्ही वाक्यांत एक गोष्ट सुटते: दुर्घटनेच्या आधी कोणी काय करून ठेवायला हवे होते? आपत्कालीन नियोजन हा विषय सहसा अभियंत्यांकडे आणि कायद्याकडे सोपवला जातो. त्याच्या मुळाशी मात्र धर्मविचारातील एक जुना प्रश्न आहे. जे अजून घडलेले नाही आणि कदाचित कधीच घडणार नाही, त्याबद्दल माणसाला कर्तव्य असते का? असल्यास ते कोणाप्रती?

क्षेत्र आणि शेजार

हा प्रश्न पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्ट्यात रोजच्या जगण्याचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत पसरली आहे. औषधे, रंगद्रव्ये, रासायनिक मध्यस्थ पदार्थ, कापड आणि पोलाद यांचे हजाराहून अधिक कारखाने तेथे आहेत. कोळवडे, कुंभवली, पाम, सालवड, सरावली ही गावे वसाहतीला खेटून आहेत. किनाऱ्यावर १९६९ पासून चालू असलेले तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. सांडपाण्याने मासेमारी बुडते, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली.

अपघातांची मालिकाही लांब आहे. मार्च २०१८ मध्ये एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात ३ जण मरण पावले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवडे येथील कारखान्यातील स्फोटात ८ जणांचा जीव गेला आणि त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एका स्फोटात ३ कामगार गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधनिर्मितीच्या कारखान्यातील वायुगळतीत ४ कामगार दगावले.

बेटेगाव या पट्ट्याच्या पूर्वेच्या बाजूला आहे. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. आदिवासी पाडे आणि शेती यांच्या जोडीला आता मोठी गृहसंकुलेही येथे उभी आहेत. वसाहतीचे कुंपण गावाला लागून नाही, तरी दोन गोष्टी त्याला वसाहतीशी बांधून ठेवतात. किनारपट्टीवर दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो, म्हणजे पश्चिमेच्या कारखान्यांकडून पूर्वेच्या वस्तीकडे. आणि कारखान्यांत येणारे-जाणारे टँकर महामार्ग गाठण्यासाठी याच वाटेने धावतात. कारखान्याचा शेजारी म्हणजे केवळ भिंतीला भिंत लागून राहणारा नव्हे. ज्याच्या घरापर्यंत वारा, पाणी आणि टँकर पोहोचतात तो प्रत्येक जण शेजारी, एवढे बेटेगावच्या भूगोलावरून स्पष्ट होते.

चरकाचा अध्याय

वारा आणि पाणी यांवाटे एकाच वेळी अनेकांना मारणाऱ्या आपत्तीचा विचार आयुर्वेदातील चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात आहे. अध्यायाचे नाव जनपदोद्ध्वंसनीय. शिष्य अग्निवेशाचा प्रश्न नेमका आहे: माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय वेगवेगळे असताना एकाच व्याधीने एकाच वेळी गावेच्या गावे कशी ओस पडतात? गुरू आत्रेय उत्तर देतात की माणसे वेगळी असली तरी वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांच्या सामाईक असतात; त्या बिघडल्या की सगळेच सापडतात. बिघडलेल्या वायूच्या लक्षणांत न मानवणारा गंध, बाष्प, धूळ आणि धूर येतात. बिघडलेल्या पाण्याच्या लक्षणांत बदललेला रंग, वास व चव आणि पाणपक्ष्यांनी सोडून दिलेले जलाशय येतात. चौघांत वाऱ्यापेक्षा पाणी, पाण्यापेक्षा भूमी आणि भूमीपेक्षा काल टाळायला अधिक कठीण, असा क्रमही दिला आहे.

या अध्यायाची सुरुवातच नियोजनाने होते. उन्हाळ्याच्या अखेरीस कांपिल्य नगरीजवळ गंगेकाठी फिरताना आत्रेय शिष्याला सांगतात की चिन्हे बरी दिसत नाहीत. भूमीचा कस जाण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवा, कारण उपद्रव सुरू झाल्यावर त्यांच्यात वीर्य उरणार नाही. उपचाराचे सामर्थ्य आपत्तीच्या आधीच्या काळात असते, हा या सांगण्याचा गाभा आहे. गळती सुरू झाल्यावर श्वसनसंच कोणत्या खोलीत कुलूपबंद आहेत हे शोधणाऱ्या कारखान्याला तो तंतोतंत लागू पडतो.

कारणमीमांसा करताना आत्रेय एक पायरी खाली उतरतात. चारही गोष्टी बिघडण्याचे मूळ अधर्म, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराध, म्हणजे समजत असून वा समजून घेता येत असून बुद्धीने केलेली कसूर. देश, नगर आणि श्रेणी यांचे प्रमुख आधी धर्म सोडतात. मग त्यांच्या आश्रयाने राहणारे, नगरजन आणि व्यापारावर जगणारे तो अधर्म वाढवत नेतात, असा उतरता क्रम तेथे आहे. त्यामागचे विश्वचित्र आजचे नाही. देवता देश सोडून जातात आणि ऋतू बिघडतात असे ते आहे. पण जबाबदारी वरून खाली वाहते, ही नोंद आजही टिकते. सुरक्षा झडप बदलण्याचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणारा निर्णय संचालकांच्या खोलीत होतो. त्याची फळे रात्रपाळीतला कंत्राटी कामगार भोगतो.

दैव किती आणि पुरुषार्थ किती

याच अध्यायात ‘वेळ भरली होती’ या वाक्याचाही समाचार आहे. आयुष्याची मुदत आधीच ठरलेली असते का, असे अग्निवेश विचारतो. आत्रेय सांगतात की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोघांच्या मेळावर अवलंबून असते. दुबळ्या दैवाला बलवान पुरुषकार हटवतो. सगळ्यांचेच आयुष्य ठरलेले असते तर पिसाळलेल्या हत्तीपासून, आगीपासून, वादळापासून दूर राहण्याची गरजच उरली नसती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अकाली मृत्यूसाठी ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस झिजून आपल्या वेळी मोडतो. तोच आस जास्त ओझ्याने, खराब वाटेने, वंगणाच्या अभावी वेळेआधी मोडतो. गाडी मोडली एवढे खरे, पण दोन्ही मोडण्यांना एकच नाव देता येत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्माची पाच कारणे हा विचार आणखी काटेकोर करतात. अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. यांकडे दुर्लक्ष करून केवळ आत्म्यालाच कर्ता मानणारा नीट पाहत नाही, असे तेथे म्हटले आहे. अपघाताच्या चौकशीसाठी ही चौकट उपयोगी आहे. टाकी कोठे आहे, तिच्याभोवती सांडलेले द्रव अडवणारा बांध आहे का, वस्ती किती जवळ आहे, हे अधिष्ठान. कामगार, कंत्राटदार, व्यवस्थापक, मालक आणि तपासणी अधिकारी हे सगळे मिळून कर्ता. झडपा, दाबमापक, श्वसनसंच ही करणे. रसायन भरण्याची, तापवण्याची, उपसण्याची ठरलेली आणि न पाळलेली पद्धत म्हणजे चेष्टा. वाऱ्याची दिशा वा नेमक्या क्षणी गेलेली वीज एवढेच दैव.

भोपाळच्या २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीकडे या नजरेने पाहता येते. युनियन कार्बाइडच्या टाकीतील मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन काढणारी यंत्रणा कामाला आली नाही. बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा सुरुवातीला वाजून बंद झाला, आणि रुग्णालयातील डॉक्टरांना कोणता वायू आहे हेही नीट कळवले गेले नव्हते. वारा शहराकडे होता, हा यातला दैवाचा भाग. पाचांपैकी चार कारणे माणसांच्या हातची होती. वारा माणसाच्या हातात नसला तरी त्याची दिशा दाखवणारे विंडसॉक उभारणे आणि त्याप्रमाणे पळण्याच्या दोन वेगवेगळ्या वाटा ठरवून ठेवणे हातात असते.

भारतीय न्यायव्यवस्थाही याच निष्कर्षाला आली. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये संपूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. त्याआधीच्या इंग्रजी कायद्यातील नियमात दैवी कृत्य हा बचाव चालत असे. घातक उद्योग चालवणाऱ्याला असा कोणताही अपवाद मिळणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. दैवाचा आधार कायद्याच्या दारात संपला.

प्रमाद हीच हिंसा

अपघात झालाच नाही तर तयारी न करणाऱ्याचा दोष काय, हा पुढचा प्रश्न. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर जैन परंपरेने दिले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमत्त योगाने, म्हणजे बेसावध वागण्याने, होणारा प्राणघात अशी आहे. टीकाकारांनी तिचा विस्तार केला आहे. पूर्ण सावधपणे चालणाऱ्या साधूच्या पायाखाली नकळत जीव आला तर त्याला हिंसेचे बंधन लागत नाही. बेसावध चालणाऱ्याच्या पायाखाली कोणी आले नाही तरी त्याला ते लागते. दोष परिणामावर मोजला जात नाही, सावधपणाच्या अभावावर मोजला जातो.

साधूसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी, म्हणजे दक्षतेच्या नियमांपैकी, दोन येथे विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. वस्तू उचलताना व ठेवताना दक्षता, ही आदाननिक्षेपण समिती; आणि टाकाऊ गोष्टी कोणाला इजा होणार नाही अशा जागी टाकणे, ही उत्सर्ग समिती. रासायनिक कारखान्यातील पिंप हाताळणी आणि कचऱ्याची विल्हेवाट यांची नीती या दोन शब्दांत सामावते. रात्रीच्या अंधारात नाल्यात रिकामा होणारा टँकर कोणाचा जीव घेवो वा न घेवो, उत्सर्गाचा नियम त्याने मोडलेलाच असतो.

हा निकष लावला की ‘आमच्याकडे वीस वर्षांत काही झाले नाही’ या समर्थनाचे बळ जाते. दोन कारखान्यांत सारखीच हयगय आहे. एकात ठिणगी पडली, दुसऱ्यात पडली नाही. फौजदारी कायदा दोघांना वेगळे वागवील. नीतीच्या दृष्टीने दोघांचे आचरण एकच आहे. बौद्ध परंपरेतही अप्रमादाला सर्व कुशल आचरणाचा पाया मानले आहे, आणि दासबोधात समर्थांनी सावधपणा व यत्न यांवर दिलेला भर मराठी वाचकाला परिचित आहे.

सराव: नित्यकर्म

सावधपणा मनात असून भागत नाही. त्याला पद्धत लागते. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी ती ठरवून दिली आहे. तेराव्या नियमानुसार कारखानदाराने आवाराच्या आतील आपत्कालीन आराखडा करायचा आणि दर ६ महिन्यांनी त्याचा सराव घ्यायचा. चौदाव्या नियमानुसार आवाराबाहेरचा आराखडा जिल्ह्याच्या यंत्रणेने करायचा आणि वर्षातून किमान एकदा त्याची रंगीत तालीम घ्यायची. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि त्याखाली स्थानिक संकट गट आणले. जिल्हा गटाची बैठक दर ४५ दिवसांनी, स्थानिक गटाची दरमहा व्हायची आहे.

आराखड्यातील तपशील रसायनागणिक बदलतो. ओलियमवर पाणी मारले तर उष्णता व धुके वाढते, म्हणून तेथे पाण्याचा सरसकट मारा चालत नाही. टोल्युइनसारखे ज्वालाग्राही द्रव सांडले तर आधी ठिणगीची सर्व साधने बंद करून फेस वापरावा लागतो. क्लोरिन हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साठतो. नायट्रोजनला वास नसतो. तो प्राणवायूची जागा घेतो, आणि टाकीत पडलेल्या सोबत्याला वाचवायला श्वसनसंचाशिवाय उतरणारा दुसरा माणूसही तेथेच कोसळतो. अशा प्रसंगी धावून जाण्याचे धैर्य प्रशिक्षणाशिवाय घातक ठरते.

मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. काम्य कर्म फळासाठी, नैमित्तिक कर्म प्रसंग आल्यावर, नित्यकर्म रोजचे. नित्यकर्माने नवे काही हाती लागत नाही, पण ते टाळल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे मत मांडणारा मोठा प्रवाह आहे. आपत्कालीन सराव या अर्थाने नित्यकर्म आहे. तो यशस्वी झाला तर डोळ्यांना दिसणारे काहीच घडत नाही, म्हणून नफ्या-तोट्याच्या वहीत तो नेहमी निव्वळ खर्च दिसतो. त्याला काम्य कर्माचा हिशेब लावला की तो सर्वांत आधी कापला जातो.

या साम्याला एक मर्यादा आहे. नित्यकर्म यथाशक्ती केले, त्यातील एखादे अंग राहिले तरी चालते, अशी सवलत मीमांसेत आहे. येथे ती देता येत नाही. तारीख आधी जाहीर करून, दिवसपाळीत, कायम कामगारांपुरता घेतलेला आणि छायाचित्रे काढून नस्तीत लावलेला सराव म्हणजे अंगे गाळलेले कर्म. रात्रपाळी, सुट्टीचा दिवस, उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातून आलेला आणि मराठी फलक न वाचता येणारा कंत्राटी कामगार, ही त्या कर्माची गाळता न येणारी अंगे आहेत.

माहिती: दान की ऋण

वस्तीला काय सांगायचे, हा नियोजनातील सर्वांत दुबळा दुवा आहे. भोपाळनंतर कारखाने अधिनियमात १९८७ साली घातलेल्या कलम ४१-ब ने घातक प्रक्रियेचे धोके आणि सुरक्षेचे उपाय कामगारांबरोबरच परिसरातील जनतेलाही कळवण्याचे बंधन घातले. १९८९ च्या नियमांतील पंधरावा नियम तेच सांगतो, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हा आशय आहे. स्थानिक संकट गटात सरपंच वा गावच्या प्रतिनिधीला जागा आहे.

माहिती दिल्यास घबराट पसरेल, ही पहिली हरकत. घबराट अज्ञानातून येते. भोपाळमध्ये लोक वाऱ्याच्याच दिशेने धावले, कारण काय करायचे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसरी हरकत व्यापारी गुपिताची. गावाला उत्पादनाची कृती नको असते. कोणते रसायन, किती साठा, भोंग्याचा अर्थ काय, दारे-खिडक्या लावून घरात थांबायचे की वाऱ्याला आडवे निघून जायचे, एवढेच हवे असते. तिसरी हरकत अधिक गंभीर आहे: गावाला रोजगार मिळतो, म्हणून धोका त्याने स्वीकारलेलाच आहे. न कळलेल्या गोष्टीला संमती देता येत नाही. शिवाय अंगणवाडीतील मूल आणि पाड्यावरची म्हातारी यांना कारखान्याचा पगार मिळत नाही. वारा मात्र त्यांच्यापर्यंतही येतो.

कारखाने सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळेला बाके, गावाला पाण्याची टाकी देतात. ते दान आहे. शतपथ ब्राह्मणात मात्र देव, ऋषी व पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे. दान ऐच्छिक असते आणि देणाऱ्याला मोठेपणा देते. ऋण फेडावेच लागते आणि त्याबद्दल आभार मानण्याचे कारण नसते. शेजाऱ्याच्या श्वासावर ज्याचा धंदा धोका ओढवतो, त्याने त्याला सावध करणे ऋणात मोडते. बाके देऊन ते फिटत नाही.

रस्त्यावरच्या टँकरला हाच न्याय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार त्याच्यावर आपत्कालीन माहितीचा फलक आणि रसायनाचा संयुक्त राष्ट्रसंघ क्रमांक असावा लागतो: अमोनियासाठी १००५, क्लोरिनसाठी १०१७, सल्फ्युरिक आम्लासाठी १८३०. चिल्हार रस्त्यावर टँकर कलंडला तर सर्वांत आधी पोहोचणारा माणूस अग्निशमन दलाचा नसतो, तो जवळच्या पाड्यावरचा वा दुकानातला असतो. हा चार आकडी क्रमांक दुरूनच वाचून कळवायचा आणि जवळ जायचे नाही, एवढे त्याला ठाऊक असणे हा आराखड्याचाच भाग आहे.

दैव, प्रमाद, नित्यकर्म आणि ऋण या चारही कल्पना एकाच निर्णयाकडे नेतात. न घडलेल्या अपघाताबद्दल कर्तव्य असते. ते अपघात घडण्यावर अवलंबून नसते. आणि ते कामगारापाशी न थांबता वाऱ्याच्या वाटेवरील शेवटच्या घरापर्यंत जाते. कपाटातला आराखडा कायद्याची अट पुरी करील, धर्माची करणार नाही. बेटेगावसारख्या गावांच्या ग्रामसभांनी जिल्ह्याचा आवाराबाहेरचा आराखडा मागावा, तो मराठी, हिंदी आणि वारली बोलीत समजावून घ्यावा, पुढच्या तालमीत आपली जागा मागावी. कारखानदारांनी आणि प्रशासनाने ती मागणी होण्याची वाट पाहू नये.